आईनं तपासलेले मासे

ज्या माशांवर मी लिहिलं ते मासे मी आजवर पाहिलेले नाहीत. आमच्या मंडईत रत्नागिरीहून बर्फात घालून बांगडा येतो, सुरमई येते. हे मासे समुद्रात इतके खाली राहतात की तिथं दुपारी बारालाही ऊन पोचत नाही, आणि जाळ्यातून वर आले की बहुतेक मरूनच येतात. तरी मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी विज्ञानकोशाच्या संपादकांनी मला फोन केला. खोल समुद्रातल्या, अंगावर स्वतःचे दिवे असलेल्या माशांच्या एका गटावर लेख हवा होता. तुम्ही प्राणिशास्त्र शिकवता, तुम्हीच लिहा, म्हणाले. मी ज्युनियर कॉलेजात बेडूक आणि झुरळ शिकवतो. पण नाव छापून येणार म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो.

तो लेख मी आईच्या कॉटशेजारी बसून लिहिला. ती निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तिनं तो ओळ न् ओळ तपासला. आणि त्या तीन महिन्यांत मी तिच्याशी रोज खोटं बोलत होतो, हेही इथंच सांगून टाकतो.

वैशाखात तिचे डोळे पिवळे झाले. आम्ही शिकलेली माणसं, तरी आधी काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे गेलो, कारण कोल्हापुरात सगळे आधी तिकडंच जातात. दोन आठवडे त्यात गेले. मग दवाखाना, सोनोग्राफी, सीटी स्कॅन. डॉक्टरांनी मला आणि बायकोला केबिनमध्ये बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि यकृतापर्यंत पसरला होता. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. पित्ताची वाट मोकळी करायला आत एक नळी घालता येईल, त्यानं कावीळ उतरेल, थोडे दिवस बरे जातील. किती दिवस, असं मी विचारल्यावर ते म्हणाले, "दिवाळीचा विचार करू नका." मग त्यांनी विचारलं, "पेशंटला सांगायचं का?"

मी विचार न करता नाही म्हणालो. आमच्याकडे हे विचारायचंही नसतं. वडिलांना सांगितलं नव्हतं, काकांना सांगितलं नव्हतं. आजारी माणूस सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक असतं आणि सगळी गल्ली त्याला म्हणते, तब्येत सुधारली की हो! मी फक्त एक पाऊल पुढं गेलो. गल्लीलाही कळू दिलं नाही.

नळी घातल्यावर आईला मी सांगितलं, पित्ताच्या वाटेत खडा अडकला होता, काढला. तिनं पहिला प्रश्न विचारला, "कुठाय?"

ज्याचा खडा निघतो त्याला आमच्याकडे तो बाटलीत घालून देतात. माणसं तो शोकेसमध्ये ठेवतात आणि आल्यागेल्याला दाखवतात. मला हे सुचायला हवं होतं. मी म्हणालो, डॉक्टरांकडे राहिला, उद्या आणतो. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथं कपाटात एका बरणीत कुणाचे तरी जुने पित्ताचे खडे आहेत. त्यातला एक तपकिरी, हरभऱ्याएवढा खडा उचलला, धुतला, औषधाच्या रिकाम्या बाटलीत घातला आणि आईच्या हातात दिला. तिनं चष्मा लावून बराच वेळ तो पाहिला. "एवढासा, आणि केवढं छळलं मेल्यानं!" म्हणाली. आपण हे कसं जमवलं याचं मला त्या क्षणी चक्क कौतुक वाटलं. आज त्याची किळस येते.

तर मासे. कॉलेजला सुटी होती. जेवणानंतर आई उशीला टेकून बसायची आणि मी लिहिलेली पानं मागून घ्यायची. लाल पेन तिला सापडलं नाही तर घरात आरडाओरडा व्हायचा. शाळेत ती छापील मराठी बोलायची, वर्गाबाहेर पडली की शुद्ध कोल्हापुरी, आणि तपासताना दोन्हीची सरमिसळ.

"जीवदीप्ती म्हणजे काय रं?"

"सजीवांच्या अंगातून निघणारा उजेड."

"मग तसंच लिही की. जीवदीप्ती खाली येऊ दे, दुसऱ्या परिच्छेदात. चौथीतलं पोरगं पहिल्याच ओळीत ठेचकाळंल."

मी काट मारली. पुढच्या पानावर तिनं विचारलं, "अंधारात राहायचं तर दिवा कशाला? दिवा लावला की सगळ्यांना दिसणार, हा हितं हाय म्हणून."

हा प्रश्न माझ्या एकाही विद्यार्थ्यानं कधी विचारलेला नाही. मी तिला या गटातल्या एका चपट्या माशाबद्दल सांगितलं. पत्र्याच्या तुकड्यासारखा पातळ, बोटाएवढा. वरून झिरपत येणारा किंचित उजेड असतो, तेवढ्यात त्याची काळी आकृती खालच्या शिकाऱ्याला दिसू शकते. म्हणून त्याच्या पोटाला ओळीनं दिवे असतात. वरून जेवढा उजेड येतो, तेवढाच तो खाली सोडतो. मग खालून पाहणाऱ्याला तिथं काहीच दिसत नाही.

"म्हणजे लपायला दिवा?"

"हो."

तिला हे फार आवडलं. समासात तिनं लिहिलं, 'हे सुरुवातीला घे.' मी घेतलं, आणि लेख खरंच सुधारला. तिचं अक्षर तेव्हा अजून वळणदार होतं.

त्याच गटात काळे, लांबट, भयंकर दातांचे मासे आहेत. काहींच्या हनुवटीला दोरीसारखा तंतू लोंबतो आणि त्याच्या टोकाला मिणमिणता दिवा असतो. खाऊ समजून बारका मासा जवळ आला की संपला. एकाच्या तर जबड्याला खालून तळच नाही, नुसती हाडांची चौकट. आई म्हणाली, "मग घास खाली सांडत न्हाई का?" मला उत्तर ठाऊक नव्हतं. तिनं तिथं प्रश्नचिन्ह केलं आणि शोधून ये म्हणाली. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी तिला गृहपाठ दिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

त्याच माशाची आणखी एक गोष्ट आहे. खोल पाण्यातल्या बहुतेक प्राण्यांना निळा-हिरवा उजेडच दिसतो. या माशाच्या डोळ्याखाली तांबडा दिवा असतो. तो उजेड फक्त त्यालाच दिसतो. समोरच्या कोळंबीवर तो दिवा रोखतो, तिला आरामात न्याहाळतो, आणि आपण उजेडात उभे आहोत हे तिला कळतही नाही. हे मी वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "लबाड मेला." आणि हसली. मला हसता आलं नाही. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन नळाशी उभा राहिलो. बायकोनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पोळ्या लाटत राहिली.

आता मावशीबद्दल सांगायला हवं. आईची धाकटी बहीण, जयसिंगपूरला दिलेली. घरी शिवणाचं मशिन, ब्लाउज शिवते. दोघी बहिणींत सात वर्षं अबोला होता आणि त्याला कारण माझ्या मुलीचं बारसं.

मावशीचे यजमान त्याआधी आठ महिने गेले होते; माझे वडील तेव्हा हयात होते. तरी ती आली. मुलीसाठी स्वतः विणलेला स्वेटर घेऊन, पहाटेच्या एसटीनं. पाळण्याच्या एका बाजूला आई उभी राहिली, दुसऱ्या बाजूला मावशी. बाळ पाळण्याखालून या हातातून त्या हातात द्यायचं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत. आईनं पहिल्यांदा मावशीच्या हातात बाळ दिलं. तेवढ्यात माझ्या आत्याचा आवाज आला, "अगं, कुणी सवाष्ण न्हाई का घरात?" आत्या पुढं झाल्या आणि त्यांनी मावशीच्या हातातून बाळ काढून घेतलं. खोली भरलेली होती. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आई क्षणभर थांबली आणि मग आत्यांकडून बाळ घेऊन पुढची ओळ म्हणाली.

मीही तिथंच होतो. मीही काही बोललो नाही. मावशीनं घुगऱ्यासुद्धा घेतल्या नाहीत. स्वेटर खुर्चीवर ठेवला आणि गेली. आई तेहतीस वर्षं शाळेत समतेवर भाषणं करत आली होती, आणि ती चांगली असत. त्या दिवसानंतर ती भाषणाला उभी राहिली नाही, दुसऱ्या बाईंना सांगायची. मला ते तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

मासे तपासता तपासता ती एका दुपारी अचानक म्हणाली, "धाकलीला भेटायला पायजे."

"फोन लावू?"

"फोनवर न्हाय. तिच्या दारात जाऊन मागणार हाय माफी. तिच्या जावा, शेजारणी, समद्यांच्या म्होरं. अपमान चारचौघांत केला, आता माफी बी चारचौघांतच."

"मग जाऊ या की. उद्याच जाऊ."

"आत्ता? हा सांगाडा घेऊन? मला बघून ती रडंल आणि माफ करंल. आजारी माणसाला कुणीबी माफ करतं, त्यात काय राम न्हाय. धडधाकट असताना गेलं पायजे. तिला दार लावून घ्यावंसं वाटलं तर लावता आलं पायजे." मग ती पानं उलटत म्हणाली, "खडा निघालाय. महिन्याभरात अंगावर जरा मांस चढंल. मग जाते."

मी मान हलवली. ती मान मी हलवायला नको होती. तिथंच तिला सांगायला हवं होतं, की आई, मांस चढणार नाही. पण तोवर मी खड्यात इतका गुंतलो होतो की तो गिळून खरं ओकणं मला जमेना. तिला हवा होता तो महिना तिच्याजवळ नव्हता, हे घरात मला आणि बायकोला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं.

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "आईंना नाही तर मावशींना तरी कळवा. त्या येतील."

"मावशी दारातच गळा काढेल. आईला कळेल."

"कळू दे."

"तू तिची मुलगी असतीस तर असं बोलली नसतीस," मी म्हणालो. हे मी तिला बोललो. सासूची शी-मूत तेव्हा तीच काढत होती.

ज्येष्ठ संपता संपता आईला बरे दिवस आले. कावीळ उतरली, दोन घास पोटात जाऊ लागले. तिनं दुखण्यात दत्ताला नवस बोलला होता, खडा निघालाय, आता कावीळ उतरली की वाडीला येईन म्हणून. माझ्याच थापेचा नवस, आता फेडायची वेळ आली होती. मी भाड्यानं गाडी ठरवली. मागच्या सीटवर दोन उशा टाकल्या. नदीला अजून पाणी चढलं नव्हतं. नृसिंहवाडीचा रस्ता जयसिंगपुरावरूनच जातो. मावशीचं घर मोठ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत.

मी ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलं होतं. चौक आला तसा त्यानं वेग कमी केला आणि विचारलं, "काय पावणं, आत घ्यायची न्हवं गाडी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. ती रागावली नाही. तिनं पुढं वाकून ड्रायव्हरच्या वरच्या आरशात स्वतःचा चेहरा पाहिला. गालफडं, मान, ब्लाउजची सैल झालेली बाही. पदरानं तिनं गळा झाकला आणि मागं टेकली.

"नको," म्हणाली. "पुढच्या महिन्यात."

"आई, आलोच आहोत तर—"

"आरं, माझं मला ठरवू दे की! पुढच्या महिन्यात येते म्हटलं न्हवं?"

ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. मागं एक ट्रॅक्टर हॉर्न देत होता. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि तिनं स्वतः गाडी आत वळवायला लावली असती. याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. मी म्हणालो, "चला सरळ."

वाडीला तिनं घाटावर बसून पाण्यात पाय सोडले. देवाला काय म्हणाली ते मला ठाऊक नाही. येताना जयसिंगपूर गेलं तेव्हा तिला झोप लागली होती.

आषाढात दुखणं परत आलं, आणि या वेळी गोळ्यांना ऐकेना. लेखाची शेवटची चार पानं तिनं पडल्यापडल्या तपासली. अक्षर सरकत होतं. जबड्याला तळ नसलेल्या माशाचं उत्तर मी तोवर शोधलं होतं: तळ नसल्यामुळं पाणी अडत नाही, आणि घास निसटायच्या आत त्याचा जबडा झटक्यात मिटतो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं." श्रावण लागायच्या आत ती गेली. शेवटचे दोन दिवस ती काही बोलली नाही. त्याआधी, पाठ चेपायला बसलेल्या बायकोला तिनं विचारलं होतं, "अजून किती दिवस लागतील गं, अंग धरायला?" बायको तिथून उठून आली आणि त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

मावशीला मी त्या सकाळी फोन केला. ती आली तेव्हा आईला बाहेर आणून ठेवलं होतं. ती रडली नाही. आईचे पाय दोन्ही हातांनी धरून बसली. इतक्या वाळलेल्या पायांची तिला कल्पना नव्हती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. पंचगंगेवरून आल्यावर पाहुणे पांगले. मावशी स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. मी समोर जाऊन बसलो.

"कवा कळलं तुमाला?" तिनं विचारलं.

"वैशाखात."

ती बोटांवर मोजत होती. "वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. तीन म्हैनं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "तीन म्हैनं अक्काला ठावं हुतं आपुन जाणार म्हणून. आन् तरी आली न्हाई. वाडीला जाऊन आली म्हणं. माझ्या दारावरनं गेली असंल."

"मावशी, तिला ठाऊक नव्हतं."

"न्हाई?"

"मी सांगितलं नाही. खडा होता म्हणून सांगितलं."

मग मी तिला सगळं सांगितलं. आईला दारात येऊन चारचौघांत माफी मागायची होती, धडधाकट होऊन यायचं होतं, तुला दार लावून घेता यावं म्हणून. चौकात गाडी थांबली होती. आईनं आरशात पाहिलं होतं. पुढच्या महिन्यात म्हणाली होती. मी काही लपवलं नाही. बारशाच्या दिवशी मी गप्प बसलो होतो, तेही सांगितलं. आयुष्यात इतकं सरळ मी कुणाशी बोललो नव्हतो. बोलताना मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मावशीनं शेवटपर्यंत ऐकलं. मधे एकदाही तोडलं नाही.

"झालं सांगून?" तिनं विचारलं.

"हो."

"तू मायाळू हाईस रं. आईला बरं वाटावं म्हणून तीन म्हैनं सांगत ऱ्हायलास. आता मला बरं वाटावं म्हणून सांगायलाईस."

"नाही मावशी. हे खरं आहे."

"आईलाबी तसंच म्हणत असशील की."

बायको ओट्याशी उभी होती. ती म्हणाली, "मावशी, खरंच आहे ते. मी होते घरात."

"तू तर ह्याच घरातली," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

"आईची शपथ," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचून उठली आणि कोपऱ्यातली पिशवी घेतली. मी गाडी काढतो म्हणालो, ती नको म्हणाली. मी तिच्या मागोमाग चालत स्टँडवर गेलो. जयसिंगपूरची गाडी लागलेली होती. ती चढली, खिडकीशी बसली. मी खिडकीखाली उभा राहून तेच परत सांगू लागलो, तो चौक, तो आरसा, पुढचा महिना. आसपासची माणसं बघायला लागली. कंडक्टरनं घंटी मारली.

"अक्का आली न्हाई," मावशी म्हणाली. "मला तेवढंच ठावं हाय." आणि तिनं खिडकीची काच ओढून घेतली.